कडक पात्याला धार का लागत नाही?

सोयाबीनची सोंगणी जवळ आली की विदर्भातल्या गावांत लोहाराच्या भात्याला उसंत नसते. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, सगळं पाजवायला येतं. ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यातून घडवलेलं पोलाद कानशीचंही ऐकतं आणि दगडाचंही. अडचण होते ती वेगळ्या पात्याची: पॉवर हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या यांत्रिक करवतीच्या, झिजलेल्या ब्लेडपासून घासून केलेली सुरी, किंवा शहरातल्या पोराने मागवलेला महागडा चाकू. असं पातं महिनोन्‌महिने भाजी कापतं, पण एकदा बोथट झालं की पायरीवर घासा नाहीतर विटेवर, चकाकी येते आणि धार येत नाही. मग घरचे म्हणतात, "पातंच बोगस निघालं." हे निदान चुकीचं आहे आणि त्यापायी उत्तम पाती अडगळीत पडतात. पातं चांगलंच असतं, त्याच्यापुढे दगड कमी पडतो.

विदर्भाला लोखंड नवीन नाही. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठच्या नैकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, इसवी सनापूर्वी सुमारे 700 च्या काळातली. तेव्हापासून गावच्या भात्यापर्यंत खेळ मुख्यतः दोघांचाच राहिला, लोखंड आणि कार्बन. तापवून पाणी दिलं की कार्बन लोखंडाच्या जाळीत अडकतो आणि पोलाद कडक होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या खेळात क्रोमियम, टंगस्टन, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम उतरत गेले. यांची कार्बनशी लोखंडापेक्षा घट्ट गट्टी जमते आणि पोलादाच्या आत कार्बाइडचे बारीक कण तयार होतात. (आंबे पिकवायच्या कार्बाइडचं हे फक्त भाऊबंद, काम अगदी निराळं.) झिजेला तोंड देतात ते हेच कण. हॅक्सॉ ब्लेडच्या हाय स्पीड स्टीलमध्ये साधारण 6 टक्के टंगस्टन, 5 टक्के मॉलिब्डेनम आणि 2 टक्के व्हॅनेडियम असतं. महागड्या चाकूंच्या काही पोलादांत व्हॅनेडियम 4 टक्के, तर काहींत 9 टक्क्यांपर्यंत जातं.

आता आकडे पाहू, कारण सगळा उलगडा तिथेच होतो. कडकपणा मोजायच्या विकर्स मापावर चांगल्या कडक सुरीचं पोलाद 700 ते 800 भरतं. लोखंडाचं कार्बाइड 1000 च्या आसपास, क्रोमियमचं 1500 ते 1800, आणि व्हॅनेडियमचं 2600 ते 2800. धार लावायच्या दगडांत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड 2000 च्या जवळ असतं. सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडम म्हणून मिळणारा काळा दगड, 2500 च्या आसपास. म्हणजे व्हॅनेडियमचा कण दोघांनाही भारी. त्याला खरोखर कापतात ते मुख्यतः दोनच पदार्थ: 4500 चं क्युबिक बोरॉन नायट्राइड आणि 8000 च्याही वर जाणारा हिरा.

मग आपल्या पायरीचा दगड? पश्चिम विदर्भाचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यातली मुख्य खनिजं मोहस मापावर (कडकपणाचं हे वेगळं माप, 1 ते 10 चं) 6 च्या आसपास, म्हणजे कडक पोलादाच्या बरोबरीची किंवा थोडी खालीच. म्हणून तो दगड पात्याला नुसता चकाकवतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वालुकाश्मात क्वार्ट्झ असतं, मोहस 7. तो विळ्याला छान चालतो, पण कार्बाइडपुढे तोही थकतो.

साध्या दगडाने काहीच होत नाही असंही नाही. काँक्रीट घासलं तर सिमेंट झिजतं आणि गिट्टी वर उरते, तसंच इथे होतं. कणांभोवतीचं पोलाद निघतं, कण उघडे पडतात आणि शेवटी उपटून जातात. दगड जाडाभरडा असेल तर एवढ्यावरही काम चालण्याजोगी धार येते. पण बारीक दगडावर गेलात की दगडाचे कण आणि पोलादातले कार्बाइड एकाच मापाचे होतात, दोन-तीन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि धारेचं टोक बसण्याऐवजी गोल होत जातं. तासभर घासूनही सुरी बोथट राहते ती यामुळे.

फिरत्या चाकावर धार लावून घ्यायच्या आधी थोडं थांबा. कोरड्या चाकावर पात्याचा काठ क्षणात तापतो. साध्या पोलादावर फिकट पिवळा रंग दिसला म्हणजे साधारण 220 अंश, निळा दिसला म्हणजे 300 च्या आसपास. निळी झालेली धार मऊ पडलेली असते. हाय स्पीड स्टील 500 अंशांच्या वरही कडकपणा सोडत नाही, त्यामुळे हॅक्सॉची सुरी चाकावर तगते. मात्र ती भट्टीत घालून पाण्यात बुडवू नका. तिला कडक करायला 1200 अंशांच्या आसपासची बेतशीर उष्णता लागते आणि पाण्याच्या धक्क्याने ती तडकू शकते. नुसती घासूनच आकार द्या, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण हे ब्लेड वाकत नाही, काचेसारखं तुटतं आणि तुकडा उडतो. पातं कोणत्या जातीचं हे ठिणग्याही सांगतात. जास्त कार्बनच्या साध्या पोलादाच्या ठिणग्या पांढरट, लांब आणि फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. टंगस्टनवाल्याच्या आखूड, मंद, तांबूस.

सगळीच हत्यारं अशा पोलादाची असावीत, असं मात्र मी म्हणणार नाही. विळा जमिनीलगत चालतो, खड्याला लागतो. ज्वारीच्या धांड्यात सिलिकाचे कण असतात, वर मातीची धूळ. खड्यावर कडक धारेचा तुकडा उडतो, कमानपट्ट्याची धार वाकते आणि तिथल्या तिथे सरळ करता येते. हाडं तोडायलाही कमानपट्ट्याचाच कोयता बरा. कडक पातं भाजीला, मांसाला, चामड्याच्या कामाला घ्यावं.

घरी धार लावायची तर हिऱ्याची पट्टी घ्या. धातूच्या पट्टीवर निकेलच्या थराने हिऱ्याचे कण बसवलेले असतात. 400 ग्रिटची एक, 1000 ची एक, एवढं पुरे (ग्रिटचा आकडा मोठा तितके कण बारीक). पट्टीवर पाण्याचे थेंब टाका. पातं 3 सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ पट्टीपासून 1 सेंटिमीटर वर धरा, म्हणजे 20 अंशांचा कोन होतो. 8 मिलिमीटर धरली तर 15 अंश. कडक पोलाद बारीक कोनही पेलतं, पण सुरुवात 20 ने करा. काठावर मार्करने रेघ मारून दोन-तीन वेळा घासा. शाई धारेच्या अगदी टोकापर्यंत पुसली गेली तर कोन बरोबर. नुसती वरची पुसली तर पाठ थोडी उचला.

दाब देऊ नका. विळ्यावर जोर लावायची हाताला सवय असते, पण जोराने हिऱ्याचे कण निकेलमधून उखडतात आणि पट्टी वाया जाते. एका बाजूने घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला काठाची बारीक, उलटलेली कोर लागत नाही. ती डोळ्यांना सहसा दिसत नाही. अंगठा पाठीकडून धारेच्या दिशेने, धारेच्या बाहेर हलकेच सरकवला की खरखर जाणवते. धारेच्या लांबीवरून अंगठा कधीही फिरवायचा नाही. ही कोर टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली की मगच बाजू बदला. बहुतेकांचं काम इथेच अर्धवट राहतं: कोर यायच्या आधी बाजू बदलतात आणि दोन्ही उतार टोकाला भेटतच नाहीत. शेवटी 1000 च्या पट्टीवर आलटून पालटून हलके हात मारून कोर उतरवा. मग जुन्या चामडी पट्ट्यावर 1 मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट लावून पातं पाठीच्या दिशेने ओढा. बाजारातली हिरवी पेस्ट, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, साध्या सुरीला चालते. व्हॅनेडियमवाल्या पात्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

तपासायला पिकलेला टमाटा घ्या. नुसत्या वजनाने पातं साल चिरत आत गेलं तर झालं. वर्तमानपत्राचा कागद कापताना एखाद्या ठिकाणी पातं अडकलं, तर तिथे कोर शिल्लक आहे. तेवढ्याच भागावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन हलके हात मारा आणि पुन्हा कागद कापून बघा.