रिड्यूस शँक : एका नावाखाली खपणारी दोन ड्रिल्स

शँक म्हणजे ड्रिलची मागची दांडी, जी मशीनच्या चकात, म्हणजे पकडीत, धरतात. भोक पाडणारं अंग जाड आणि शँक बारीक असली की ती ‘रिड्यूस शँक’. दुकानात ‘पंचवीसचं रिड्यूस द्या’, म्हणजे २५ मिमीचं, म्हटलं की सातपूर-अंबडकडचा जुना दुकानदार उलट विचारतो, ‘कंपनीचं की टर्न केलेलं?’ नवं गिऱ्हाईक हा किमतीचा प्रश्न समजतं आणि स्वस्तातलं घेऊन जातं. प्रत्यक्षात ही दोन वेगळी हत्यारं आहेत, एक कारखान्यातच तसं बनलेलं आणि दुसरं जुन्या ड्रिलची शँक लेथवर बारीक केलेलं, आणि एकच नाव लावल्यामुळे नाशिकच्या छोट्या शेडमध्ये बरंच नुकसान झालं आहे.

मूळ गोष्ट लोहाराच्या भात्यापाशी सुरू होते. पिळाच्या ड्रिलचं पेटंट अमेरिकेत १८६३ सालचं. त्याच काळात ओहायोतल्या एका कारखान्यात लोहारांसाठी हाताने फिरवायची ड्रिल मशिनं बनत. त्यांना अर्ध्या इंचाची शँक लागे, भोक कितीही मोठं असो. मोठ्या ड्रिलची शँक अर्ध्या इंचावर आणायची पद्धत तिथून पडली. त्या कारखान्याच्या दोन भागीदारांच्या आडनावांवरून या ड्रिलला आजही ‘सिल्व्हर अँड डेमिंग’ म्हणतात. पुढे चावीचा चक आला, पिस्तुलासारखी मूठ असलेलं विजेचं ड्रिल मशीन आलं, आणि साध्या मशीनची कमाल मर्यादा अर्ध्या इंचावरच थांबली. आपला १३ मिमीचा चक हा तिचाच वारस. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा, पण शँक अजून १२.७ मिमीच आहे आणि फिटर तिला ‘चार सुताची’ म्हणतो.

नाशिकच्या मोठ्या कारखान्यांना या ड्रिलची गरज कधीच पडली नाही. ओझरला १९६४ मध्ये विमानांचा कारखाना आला, सातपूरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. तिथे मोठी रेडियल ड्रिल मशिनं होती, त्यांत चकाशिवाय थेट बसणारी निमुळती टेपर शँक होती, ती बसवायच्या स्लीव्ह आणि काढायचे ड्रिफ्ट होते. रिड्यूस शँक रुजली ती त्याच्या बाहेर, पिंपळगाव, निफाड, दिंडोरीच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे. द्राक्षबागेच्या फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरला जोडायचा तर थ्री पॉइंट लिंकेजच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागे अवजार अडकवायच्या तीन सांध्यांच्या, पिनांची भोकं पाडावी लागतात. लहान ट्रॅक्टरला वर १९ आणि खाली २२ मिमीची पिन, त्याहून मोठ्याला वर २५ आणि खाली २८. पट्टी दहा-बारा मिमी जाडीची. शेडमध्ये मशीन एकच, १३ मिमी चकाचं. पूर्वी ही भोकं गॅसने फोडत. कड दातेरी राहायची, पिन एका हंगामात झिजायची आणि ब्लोअर डुलायला लागायचा. रिड्यूस शँकने तो त्रास खरोखर संपवला.

मग टर्न केलेलं ड्रिल का आलं? कारण स्वस्ताई. कारखान्यांतून भंगारात निघालेली टेपर शँकची ड्रिल्स वजनावर मिळत. त्यांचा पिळाचा भाग हायस्पीड स्टीलचा आणि मागची शँक साध्या पोलादाची, वेल्डने जोडलेली असते. ती मऊ असल्यामुळे लेथवर सहज उतरते. टर्नरने अर्ध्या तासात ती १२.७ वर आणली की झालं ‘रिड्यूस’. या उद्योगाला मी सरसकट चोरी म्हणणार नाही. हातात पैसा नसलेल्या माणसाला त्याने काम दिलं. पण तो निर्णय किती महाग पडतो हे मोजायला हवं.

पहिली अडचण लांबीची. २५ मिमीचं टेपर ड्रिल २८१ मिमी लांब असतं. शँक कापून आखूड केली तरी ते साडेनऊ इंचाच्या आसपास राहतं. कंपनीचं रिड्यूस सहा इंचांचं. बेंच ड्रिलवर एवढं लांब ड्रिल लावलं की खाली पट्टी घट्ट धरणाऱ्या व्हाइसला जागा उरत नाही. मग माणूस पट्टी हाताने धरतो, आणि अपघात तिथे होतो.

दुसरी अडचण कोपऱ्याची. जाड अंग आणि बारीक शँक जिथे मिळतात तिथे गोलाई हवी. घाईत टूल सरळ आत घातलं की काटकोनी खाच राहते. माझ्या हातात असं एक ड्रिल तिथेच मोडलं. तुटलेला भाग बघितला तर चरा अगदी खाचेतून निघाला होता, अर्धा जुना काळा आणि अर्धा नवा चकचकीत. म्हणजे ते आधीपासून तुटतच होतं. २५ मिमीच्या भरीव दांड्याच्या तुलनेत १२.७ मिमीचा दांडा पीळ सोसतो तो जेमतेम आठवा हिस्सा. त्यात खाच म्हणजे काही शिल्लकच ठेवायचं नाही.

तिसरी रनआउटची, म्हणजे ड्रिल फिरताना डुलण्याची. शँक उतरवताना पिळाचा भाग लेथच्या तीन जबड्यांत थेट धरला तर तो मध्यावर बसत नाही. पिळावर चढवायचा फाटका बुश, मागे सेंटरचा आधार आणि वाकडेपणा मोजायला डायल, एवढं करणारे टर्नर आहेत, पण थोडे. शँक तिरकी उतरली की बाविसाचं भोक साडेबावीसचं होतं.

वापरताना दोन्हींना नियम एकच. साध्या लोखंडाला मिनिटाला २५ मीटरचा वेग धरला तर २५ मिमीच्या ड्रिलला सुमारे ३२० फेरे येतात. पट्टा सगळ्यात हळू पुलीवर घ्यावा, कटिंग ऑइल सोडावं. पायलट भोक, म्हणजे आधी पाडायचं छोटं भोक, ड्रिलच्या टोकावरच्या मधल्या बोथट पात्याहून जरा मोठं, म्हणजे पाच-सहा मिमी पुरे. सहा, बारा, अठरा, पंचवीस अशी शिडी चढायची सवय आपल्याकडे फार आहे. मशीनला ताकद कमी असेल तर मध्ये एक टप्पा ठीक. पण आधीचं भोक जास्त मोठं केलं की ड्रिलचे फक्त बाहेरचे कोपरे चावतात, आणि भोक आरपार होताना चक झटका देतो. हँड ड्रिलवर तो झटका मनगटावर येतो, त्यामुळे बाजूची मूठ लावल्याशिवाय चालू करूच नये. पातळ पत्र्याला ही ड्रिल्स लावू नयेत, भोक तिकोनी येतं. तिथे पायरीपायरीने रुंद होणारं स्टेप ड्रिल लागतं, आणि ‘स्टेप शँक’ (हे रिड्यूसचंच दुसरं नाव) मागून स्टेप ड्रिल घरी आणलेले लोकही मी पाहिले आहेत.

आता लोखंडाला चुंबकाने चिकटणारं मॅग्नेटिक ड्रिल आणि पोकळ कटर आले, साइटवरच्या बेस प्लेटची भोकं त्यांनीच होतात. गावातल्या शेडला ते अजून परवडत नाही. तोवर दुकानात ड्रिल हातात घेऊन तीन गोष्टी बघाव्यात. लांबी सहा इंचांच्या जवळपास आहे का, शँकवर चकाच्या जबड्यांसाठी तीन सपाट बाजू आहेत का, आणि शँकच्या मुळाशी गोलाई आहे का. मग पिळाचा भाग काउंटरच्या काचेवर ठेवून, शँक कडेबाहेर लटकती ठेवून ड्रिल हळूच लोळवावं. शँकचं टोक वरखाली नाचलं तर ते ड्रिल तिथेच परत द्यावं.