विविक्त गणिताचा विद्यापीठीय अभ्यासक्रम : अध्यापन आणि मूल्यमापन

विविक्त गणित म्हणजेच डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स ही सुट्या, एकेक करून मोजता येणाऱ्या गोष्टींचा अभ्यास करणारी गणिताची शाखा. पूर्णांक, संच, तार्किक विधाने, आलेख (ग्राफ, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) हे तिचे विषय. विद्यापीठात ती बहुधा संगणकशास्त्राच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाला शिकवतात. काही ठिकाणी गणिताच्या विद्यार्थ्यांना सिद्धतेची ओळख करून देण्यासाठीही हाच अभ्यासक्रम वापरतात. शालेय बीजगणित पक्के असले की तयारी पुरते, कलनाची (कॅल्क्युलसची) फारशी गरज पडत नाही. तरीही हा विषय अनेकांना जड जातो. शाळेत उत्तर काढले की काम संपते. इथे ते उत्तर बरोबर का आहे, हे दुसऱ्याला पटेल असे लिहून दाखवावे लागते आणि गुण त्या लिहिण्याला असतात.

असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेने १९६८ मध्ये संगणकशास्त्राच्या पदवीसाठी जो आराखडा सुचवला, त्यात विविक्त संरचनांचा स्वतंत्र अभ्यासक्रम होता. २००१ च्या सुधारित आराखड्यात गाभ्याच्या २८० तासांपैकी ४३ तास या विषयाला दिले गेले. एवढे तास दुसऱ्या कोणत्याही विषयक्षेत्राला नव्हते. याचे कारण पुढच्या विषयांत दिसते. गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्या तर्काच्या बीजगणिताने विद्युत मंडले मांडता येतात, हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या प्रबंधात दाखवले. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी डेटाबेसची जी रचना मांडली, ती संचांमधील संबंधांवर उभी आहे. १९७७ ची आरएसए ही कूटलेखनाची पद्धत भागाकारात उरणाऱ्या बाकीच्या अंकगणितावर, म्हणजे मॉड्युलर अरिथमेटिकवर चालते. हे धागे वर्गात वेळीच दाखवले नाहीत, तर विद्यार्थ्याला अभ्यासक्रम म्हणजे एकमेकांशी नाते नसलेल्या प्रकरणांचा ढीग वाटू लागतो.

सुरुवात बहुतेक ठिकाणी तर्कशास्त्राने होते. सत्यता-सारण्या, म्हणजे विधान केव्हा खरे आणि केव्हा खोटे याचे तक्ते, लवकर जमतात आणि त्यांवर गरजेपेक्षा जास्त वेळ जातो. खरी अडचण ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक तरी’ या शब्दांच्या क्रमात असते. ‘प्रत्येक पूर्णांकासाठी त्याहून मोठा असा एक पूर्णांक असतो’ हे विधान खरे. ‘असा एक पूर्णांक आहे, जो प्रत्येक पूर्णांकाहून मोठा आहे’ हे खोटे. शब्द जवळजवळ तेच, फक्त क्रम बदलला. हा फरक अंगवळणी पडेपर्यंत पुढची एकही सिद्धता नीट लिहून होत नाही, म्हणून याला दिलेला आठवडा वाया गेला असे कधीच होत नाही. त्यानंतर संच, संबंध आणि फलने (फंक्शन्स) येतात. पुढे विगमन (इंडक्शन, म्हणजे एका पायरीवरून पुढची सिद्ध करण्याची रीत), मोजणी, संख्या-सिद्धांताची (नंबर थिअरीची) तोंडओळख, आवर्ती समीकरणे (ज्यांत पुढचे पद आधीच्या पदांवरून मिळते) आणि शेवटी आलेख. आलेखांची सुरुवात गणितज्ञ ऑयलर यांच्या १७३६ च्या कोनिग्सबर्गच्या सात पुलांच्या प्रश्नाने (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून शहर फिरता येईल का?) करण्याची प्रथा आहे. हे सगळे एका सत्रात बसवण्याच्या धावपळीत सिद्धतेचा सराव मागे पडतो. दोन प्रकरणे कमी करून तो वेळ सरावाला देणे केव्हाही चांगले.

गणिती विगमनाच्या उत्तरपत्रिका तपासताना या विषयाचे मूल्यमापन वेगळे का, हे स्पष्ट दिसते. पहिल्या न विषम संख्यांची बेरीज न² असते, हे सिद्ध करायचे आहे असे समजू. न = १ साठी पडताळा घ्यायचा, न = क साठी विधान खरे मानायचे आणि त्यात पुढची विषम संख्या २क + १ मिळवायची : क² + २क + १ = (क + १)². अनेक विद्यार्थी मात्र न = क + १ चे समीकरणच आधी लिहितात, दोन्ही बाजू सोडवत जातात आणि शेवटी ० = ० आले की थांबतात. बीजगणितात एकही चूक नसते, पण जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरलेले असते. खोट्या विधानापासून निघूनही खऱ्यापर्यंत पोहोचता येते : १ = −१ च्या दोन्ही बाजूंचा वर्ग केला की १ = १ मिळते. म्हणून चांगल्या गुणदान-तक्त्यात आधारपायरी, गृहीतक, पुढची पायरी आणि निष्कर्ष यांचे गुण वेगवेगळे ठेवतात आणि गृहीतक नेमके कुठे वापरले हे लिहायला लावतात.

मोजणीतली चूक वेगळ्या जातीची. ५ पुरुष आणि ४ स्त्रिया यांतून ३ जणांची समिती निवडायची आहे आणि तीत किमान एक स्त्री हवी. आधी एक स्त्री निवडू, ४ प्रकारे, मग उरलेल्या ८ जणांतून कोणतेही दोघे, २८ प्रकारे, एकूण ११२. हा युक्तिवाद ऐकायला बिनचूक वाटतो. पण ९ जणांतून ३ जणांच्या समित्याच मुळात ८४ होतात! दोन स्त्रिया असलेली समिती इथे दोनदा आणि तिन्ही स्त्रिया असलेली तीनदा मोजली गेली. फक्त पुरुषांच्या १० समित्या ८४ मधून वजा केल्या की ७४ हे बरोबर उत्तर मिळते. असे चुकलेले उत्तर फळ्यावर ठेवून ‘कोणती समिती एकापेक्षा जास्त वेळा आली?’ असे वर्गाला विचारणे हा मोजणी शिकवण्याचा फार परिणामकारक मार्ग आहे.

अध्यापनाचा नेहमीचा साचा व्याख्यान आणि लहान गटांचे ट्युटोरियल असा असतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अभ्यासक्रमात व्याख्याने चित्रफितीवर आधी पाहून येण्याची आणि वर्गाचा वेळ गटागटाने फळ्यावर उदाहरणे सोडवण्यात घालवण्याची पद्धतही राबवली गेली. फळ्यावर लिहिताना अडलेली जागा शेजारच्याला लगेच दिसते आणि तो विचारतो, हा या रीतीचा मोठा फायदा.

मूल्यमापनात साप्ताहिक गृहपाठ, छोट्या चाचण्या, सत्रमध्य आणि सत्रान्त परीक्षा असतात. त्यांचे प्रमाण प्रत्येक विद्यापीठात वेगळे. सारण्या आणि संख्यात्मक उत्तरे संगणक तपासू शकतो. सिद्धता वाचायला माणूस लागतो, आणि मोठ्या वर्गात हे काम अध्यापन-साहाय्यकांकडे जाते. एकाच सिद्धतेला दोन परीक्षकांनी फार वेगळे गुण देऊ नयेत म्हणून तपासणीपूर्वी काही उत्तरपत्रिका सर्वांनी मिळून वाचतात. अपुऱ्या सिद्धतेला शेरा देऊन ती सुधारून पुन्हा द्यायची मुभा काही शिक्षक ठेवतात. तपासणीचे काम त्याने जवळपास दुप्पट होते, पण लाल शाईतला शेरा विद्यार्थी खरोखर वाचतो तो अशाच वेळी.

गृहपाठाची चर्चा मिळून करावी, लेखन मात्र एकट्याने करावे आणि कोणाशी बोललो ते वर नोंदवावे, असा नियम अनेक ठिकाणी असतो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून नेहमीच्या प्रश्नांची सिद्धता क्षणात लिहून मिळते. त्यामुळे गृहपाठाच्या गुणांवरून विद्यार्थ्याची समज ताडणे कठीण झाले आहे. देखरेखीखालील लेखी परीक्षा आणि छोटी तोंडी परीक्षा यांचे महत्त्व त्याने वाढते. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याने स्वतः दिलेलीच सिद्धता समोर ठेवून विचारतात : हे गृहीतक काढून टाकले तर कोणती ओळ कोसळेल? ज्याने ती सिद्धता समजून लिहिली आहे, तो ती ओळ दाखवतो आणि गृहीतकाशिवाय विधान कुठे फसते याचे उदाहरणही देऊ शकतो.