खिचडीवरचं कच्चं तेल

खान्देशात खिचडी ताटात पडली की तिच्या मधोमध बोटाने खळगा करतात आणि त्यात कच्चं तेल ओततात. सोबत भाजलेला पापड आणि कांदा. माझ्या आजीकडे या तेलासाठी वेगळी किटली होती. घाण्यावरून आणलेलं भुईमुगाचं तेल, किंचित गढूळ, तळाशी गाळ बसलेलं. वाफाळत्या खिचडीवर त्याची धार पडली की घरभर शेंगदाण्याचा वास सुटायचा. आज त्याच खळग्यात पिशवीतलं रिफाइंड तेल ओतून पाहा. खिचडी ओशट होते, वास मात्र येत नाही.

हा वास जातो कुठे, हे शोधत गेलं की आपल्या जेवणात कारखान्याने काय बदललं ते दिसू लागतं.

शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. घाण्यात लाट नावाचा जाड लाकडी दांडा फिरतो, दाणा चिरडतो, तेल पाझरतं. तरीही बरंच तेल ढेपेत उरतं. एक्सपेलर नावाचं लोखंडी मळसूत्र त्याहून जास्त पिळून काढतं. आणि हेक्झेन या द्रावकात ढेप भिजवली तर जेमतेम एक टक्का तेल मागे राहतं. हेक्झेन साधारण 69 अंशांना उकळतं, म्हणून ते तापवून तेलापासून वेगळं करता येतं आणि पुन्हा वापरता येतं.

या एका युक्तीने शेतं बदलली. सोयाबीनमध्ये तेल असतं 18 ते 20 टक्केच. घाण्यावर त्याचा खर्चही निघणार नाही. द्रावक आला म्हणून सोयाबीन हे तेलाचं पीक झालं. म्हणजे कुठल्या बियांचं तेल खायचं, हे आधी जिभेवर आणि जमिनीवर ठरायचं. आता ते यंत्राला काय परवडतं त्यावर ठरू लागलं.

आपल्याकडचं याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे सरकी. जिनिंगमध्ये क्विंटलभर कापूस घातला तर रुई निघते 34-35 किलो, बाकी बहुतेक सरकीच. खान्देशात तिला पहिला मान गोठ्यात. म्हशीला सरकी ढेप चारली की दुधाला फॅट लागतं, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं. माणसाने मात्र कच्चं सरकीचं तेल खाऊ नये, कारण त्यात गॉसिपॉल हे पिवळं रंगद्रव्य असतं. किडीपासून वाचण्यासाठी कपाशीने केलेली ती सोय आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते बऱ्याच प्रमाणात निष्प्रभ होतं, आपल्या पोटात होत नाही. चीनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्याला काही खेड्यांत हे कच्चं तेल रोजच्या स्वयंपाकात आलं आणि तिथे जोडप्यांना मुलं होईनात. शोध घेतला तेव्हा दोष गॉसिपॉलचा निघाला. पुरुषांचे शुक्राणू तयार होणंच त्याने रोखलं होतं.

हे काळपट तांबडं तेल खाण्याजोगं करायचं तर त्याला कॉस्टिक सोडा लावावा लागतो. गॉसिपॉल आणि मोकळी आम्लं सोड्याशी जुळून साबणासारख्या गाळात खाली बसतात. मग खास माती तेलात ढवळून रंग शोषून घेतात. शेवटी निर्वात टाकीत 200 अंशांच्या वर तापलेल्या तेलातून वाफ सोडतात. ती वाफ वासाचे सगळे रेणू उडवून नेते, जाताना ई जीवनसत्त्वाचाही काही भाग नेते. शुद्ध स्निग्ध पदार्थाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. शेंगदाण्याचा शेंगदाणेपणा किंवा तिळाचा तीळपणा चिमूटभर रेणूंत असतो. ते उडाले की भुईमूग, सरकी, सोयाबीन, पाम सगळी तेलं एकसारखी. मग जे स्वस्त तेच कढईत.

त्या साबणाच्या गाळावरून खान्देशातलं अमळनेर आठवतं. एम. एच. हाशम प्रेमजी यांनी 1945 साली इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. वनस्पती तूप हा तिचा मुख्य माल, जोडीला 787 नावाचा कपड्यांचा साबण. जगभर संगणकाच्या कामासाठी ओळखलं जाणारं विप्रो हे नाव तिथूनच आलं.

वनस्पती तुपाची करामत अशी की निकेलच्या भुकटीसोबत तेलात हायड्रोजन घुसवला की पातळ तेल घट्ट होतं. पाहुण्यांना साजूक तूप वाढणं ज्यांना परवडत नाही अशा घरांना त्याचा मोठा आधार झाला, हे विसरता येणार नाही. तुपात ते मिसळलं तर पकडता यावं म्हणून वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचं तेल घालणं कायद्याने सक्तीचं केलं होतं. तिळाच्या तेलात फरफ्युराल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की तांबूस गुलाबी रंग येतो, मग चोरी उघडी पडते. पण अर्धवट हायड्रोजन घातलेल्या तेलात ट्रान्स फॅट तयार होतं. ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं, हे 1990 मध्ये डच संशोधकांनी दाखवून दिलं. भारतात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा लागू झाली ती जानेवारी 2022 पासून. मधल्या काळात किती लग्नांच्या पंगती उठल्या असतील!

आज देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पामचा. डिसेंबरच्या थंडीत पामोलीनची पिशवी गढूळ होते, थिजते आणि दुकानदाराशी वाद होतो. ती भेसळ नसते. पाममध्ये घट्ट होणारी संपृक्त आम्लं बरीच असतात, हे त्याचं कारण. बिस्किटं, फरसाण, वेफर्स यांच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत हेच तेल लिहिलेलं सापडेल. घरात आपण काय आणतो यावर डोळा असतो, पण पाकिटातून पोटात जाणारं तेल आपण मोजतच नाही. मला खरी काळजी त्याची वाटते.

आता गावोगावी पुन्हा लाकडी घाणे लागले आहेत, विजेवर फिरणारे. तेल महाग का, असं लोक विचारतात. लिटरभर तेलाला अडीच किलोच्या आसपास शेंगदाणे लागतात, हा हिशोब घाणेवाला समोर मांडून दाखवतो. मला ते तेल आवडतं, पण घाण्याचं म्हणजे निर्दोष असं मी म्हणणार नाही. पावसात भिजलेल्या शेंगांवर बुरशी चढते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष उतरतं आणि घाण्याच्या तेलात ते येऊ शकतं. कारखान्यातला सोडा ते काढून टाकतो, घाणा काढत नाही.

म्हणून घाण्यावर जाण्याच्या आदल्या दिवशी आई ओट्यावर सूप घेऊन बसते. काळवंडलेला, सुरकुतलेला, हिरवट डाग पडलेला दाणा बाजूला. शंका आली तर फोडून पाहते. बाजूला काढलेले दाणे ती गाईलाही घालत नाही.