पाउ गसोलचा सौदा : मेम्फिस खरंच फसलं होतं का?

1 फेब्रुवारी 2008 रोजी मेम्फिस ग्रिझलीजने आपला स्पॅनिश तारा पाउ गसोल याला लॉस एंजेलिस लेकर्सकडे धाडलं आणि एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, एकच ओरड झाली : मेम्फिसने सोनं मातीच्या भावात विकलं. बदल्यात मिळालं काय, तर क्वामे ब्राउन, जवारिस क्रिटेंटन, एरन मॅकी, 2008 आणि 2010 च्या ड्राफ्टमधल्या (दरवर्षी संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) लेकर्सच्या पहिल्या फेरीच्या निवडी, आणि पाउचा धाकटा भाऊ मार्क याला करारबद्ध करण्याचे हक्क. सॅन अँटोनियो स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच इतके वैतागले, की असले अर्थहीन सौदे रद्द करायला एखादी समितीच हवी, असं बोलून गेले.

त्या यादीकडे पाहिलं तर राग समजतो. 2001 च्या ड्राफ्टमध्ये ब्राउन पहिला निवडला गेला होता आणि पाउ तिसरा; सात वर्षांत कोण कुठे पोहोचलं हे उघड होतं. मॅकी तर खेळणं जवळपास सोडूनच बसला होता. मग तो का? कारण लीगने ठरवलेली एकूण पगाराची मर्यादा ओलांडलेल्या संघांना दोन्ही बाजूंचे पगार साधारण जुळवावे लागतात. पाउला त्या मोसमात सुमारे 1 कोटी 37 लाख डॉलर होते, ब्राउनला सुमारे 91 लाख. उरलेली फट बुजवायला जी भर घातली, त्यात मॅकी होता. आणि ब्राउनचा करार त्याच उन्हाळ्यात संपत होता, म्हणजे त्याच्या पगाराचा बोजा उतरणार होता; मेम्फिसला खरा रस होता तो त्यातच. पाउ असताना हा संघ 2004 ते 2006 अशी सलग तीन वर्षं प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) गेला आणि तिथले बाराच्या बारा सामने हरला. 2006-07 मध्ये 82 पैकी फक्त 22 विजय. एवढ्या महागड्या खेळाडूभोवती आणखी किती वर्षं घुटमळायचं?

लेकर्सची गरज वेगळी होती. 2007 च्या उन्हाळ्यात त्यांचा सर्वात मोठा तारा कोबी ब्रायंट संघ सोडायची भाषा करत होता आणि 2008 च्या जानेवारीत त्यांचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, अँड्र्यू बायनम याचा गुडघा गेला. पाउ आला आणि त्याच वर्षी लेकर्स अंतिम फेरीत. तिथे बोस्टनकडून हरले, पण 2009 आणि 2010 ची जेतेपदं त्यांचीच. 2010 च्या निर्णायक सातव्या सामन्यात, पुन्हा बोस्टनविरुद्धच, कोबीचे 24 पैकी 6 नेम लागले. पाउने 19 गुण आणि 18 रिबाउंड (नेम चुकल्यावर उसळलेला चेंडू पकडणं) काढले.

आता मार्क. 2007 च्या ड्राफ्टमध्ये 48 वा, म्हणजे लेकर्सच्या दृष्टीने किरकोळ माल. मेम्फिसला मात्र हा मुलगा अनोळखी नव्हता : 2001 मध्ये पाउसोबत सगळं कुटुंब तिथे आलं होतं, मार्क तिथल्याच शाळेत खेळला होता. सौदा झाला त्या मोसमात तो जिरोनाकडून खेळत स्पॅनिश लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2011 मध्ये आठव्या मानांकनाच्या मेम्फिसने अव्वल स्पर्सना पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. हो, त्याच पॉपोविचच्या स्पर्सना. 2013 मध्ये मार्क लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला आणि संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचला. (तिथे स्पर्सनी 4-0 ने उट्टं काढलं.)

तेव्हापासून ‘खरं तर मेम्फिसच जिंकलं’ म्हणायची टूम निघाली. मला ती पटत नाही. दोन जेतेपदांसमोर एक विभागीय अंतिम फेरी ठेवून पारडं समान करता येत नाही. आणि मार्क एवढा मोठा होईल हे मेम्फिसला नेमकं ठाऊक होतं, असं मानणं म्हणजे निकाल पाहून पेपर सोडवणं. फार तर इतकं म्हणता येईल, की 2008 मधली थट्टा चुकीची होती. लेकर्सची सरशी मात्र खरीच.

हिशेब तरीही मिटत नाही. 2010 च्या निवडीतून मेम्फिसने ग्रेविस वास्केझ घेतला, पुढच्या वर्षी त्याला न्यू ऑर्लिन्सला देऊन क्विन्सी पाँडेक्स्टर आणला, आणि तो 2013 च्या त्या संघात होता. त्याचं श्रेयही पाउच्या सौद्याच्या खात्यावर मांडणारे भेटतात. मी तरी वास्केझपाशीच थांबतो.