मनगटावरची नाडी आणि छातीतले ठोके

मनगटावरचे घड्याळ नाडी ९६ दाखवते आणि त्याच वेळी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजले तर मिनिटाला १२४ ठोके भरतात. घड्याळ बिघडलेले नसते आणि मोजणाराही चुकलेला नसतो. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाची लय विस्कटते. दोन ठोक्यांतले अंतर फारच कमी पडले की कप्पा भरायच्या आतच आकुंचन पावतो, आणि त्या ठोक्याची लाट मनगटापर्यंत पोचत नाही. या २८ च्या तफावतीला डॉक्टर पल्स डेफिसिट म्हणतात. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्या रुग्णांत ती बरेचदा आढळते. अंगावर घालायच्या यंत्रांच्या अचूकतेबद्दल बोलताना आधी एवढे विचारायला हवे, की यंत्र नाडी मोजते आहे की हृदय? या दोन वाटा वेगवेगळ्या निघाल्या आणि फार उशिरा एकत्र आल्या.

नाडीची वाट जुनी. वैद्य नाडी बघत ते तिची चाल, जोर आणि लय ओळखायला. आकडा काढणे हा हेतू नव्हता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत सँतोरिओने दोऱ्याला वजन टांगून लंबक केला आणि त्याचा झोका नाडीशी जुळेपर्यंत दोरा कमी-जास्त केला. त्याच्यासाठी नाडीचे माप म्हणजे त्या दोऱ्याची लांबी. पुढे इंग्लंडच्या जॉन फ्लॉयरने १७०७ मध्ये बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ वापरात आणले आणि ‘मिनिटाला इतके’ ही भाषा रुळू लागली. पूर्ण मिनिट मोजण्याची ती शिस्त आजही सोडू नये. १५ सेकंद मोजून चारने गुणले आणि एक ठोका निसटला, तर उत्तर चारने चुकते. लय अनियमित असेल तर त्याहूनही जास्त.

हृदयाची विद्युत वाट नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइंटहोवेनने खुली केली. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म धागा चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणून त्याने विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयातल्या विजेचा स्पष्ट आलेख, म्हणजे इसीजी, काढला. यंत्र सुमारे २७० किलोचे होते आणि रुग्ण हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. आजच्या इलेक्ट्रोडखालचे (अंगावर चिकटवून वीज टिपणाऱ्या चकतीखालचे) जेल त्या मिठाच्या पाण्याचेच काम करते. हे यंत्र रुग्णाच्या अंगावर चढवले अमेरिकेच्या नॉर्मन होल्टरने. १९४० च्या दशकातले त्याचे पाठीवरचे खोके ३८ किलोच्या घरात होते. १९८२ मध्ये फिनलंडच्या पोलर कंपनीने छातीवर पट्टा आणि मनगटावर घड्याळ, मध्ये वायर नाही, अशी जोडी आणली. ती खेळाडूंसाठी होती, पण मोजत होती विद्युत ठोकाच.

ठोका आपोआप ओळखण्याचे काम मात्र अवघड ठरले. इसीजीतली टी लहर (ठोक्यानंतर हृदय पूर्वपदावर येतानाचा उंचवटा) उंच असेल तर यंत्र तिलाही ठोका समजते आणि ७० चे १४० होतात. १९८५ मध्ये पॅन आणि टॉम्पकिन्स यांनी दिलेली रीत अजून पायाभूत मानली जाते. एक ठोका सापडला की पुढचे २०० मिलिसेकंद दुसरा मानायचा नाही, आणि ३६० मिलिसेकंदांच्या आत काही दिसलेच तर त्याचा चढ तपासून टी लहर वेगळी काढायची.

तिसरा धागा प्रकाशाचा. १९३० च्या दशकात आल्रिक हर्ट्झमनने त्वचेवर प्रकाश टाकून आणि परत येणारा प्रकाश मोजून रक्ताची लाट, म्हणजे नाडीच, टिपली. बोटाला लावतात तो ऑक्सिमीटर याच कुळातला. मनगटी घड्याळाला हिरवा प्रकाश सोयीचा, कारण हिमोग्लोबिन तो चांगला शोषते आणि तो फार खोल जात नसल्याने हालचालीचा गोंधळ कमी होतो. तरीही परतणाऱ्या प्रकाशात नाडीमुळे होणारा बदल जेमतेम एखाद्या टक्क्याचा असतो. बाकी सगळे त्वचा आणि स्थिर रक्त.

एवढ्या बारीक बदलावर विसंबायचे तर खानदेशातल्या हातांचा विचार करावाच लागतो. मनगटावर गोंदण असेल तर त्याची निळी-काळी शाई हिरवा प्रकाश गिळते आणि आकडा येत नाही, किंवा भलताच येतो. बांगड्या घड्याळाला ढकलत राहतात आणि फटीतून ऊन आत शिरते. कापूस वेचताना मनगट सतत वळते, स्नायुबंध सरकतात आणि त्यांच्याबरोबर रक्तही. भराभर चालताना पावलांची लय मिनिटाला ११०–१२० असते. यंत्र तिलाच नाडी समजून तो आकडा धरून बसते. तोरणमाळच्या थंडीत त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि लाटच क्षीण होते.

इलेक्ट्रोडची दुखणी निराळी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असताना होल्टर (अंगावर वागवायचे इसीजी यंत्र) लावला की घामाने चिकटपट्टी सुटते. अंगाला खोबरेल चोळलेले असेल तर ती धरतच नाही. म्हणून आधी केस काढावेत, स्पिरिटने पुसून त्वचा पूर्ण सुकू द्यावी, हलके घासावे, इलेक्ट्रोड स्नायूवर न लावता बरगडीवर किंवा छातीच्या मधल्या हाडावर लावावा आणि वायरला एक वळसा देऊन तो टेपने दाबावा. संपर्क कच्चा राहिला तर उशाशी चालणाऱ्या कूलरची ५० हर्ट्झची गुणगुण नोंदीत उतरते. इलेक्ट्रोड सुटला की सॉफ्टवेअर ‘३ सेकंदांचा विराम’ लिहून मोकळे होते. खऱ्या विरामात आधीचा ठोका टी लहरीसह पूर्ण झालेला असतो. सुटलेल्या इलेक्ट्रोडची रेघ अनेकदा मध्येच तुटते. हा फरक न पाहता रुग्णाला पेसमेकरची भीती घालणे अन्यायाचे आहे.

२०१८ मध्ये ॲपलच्या घड्याळात एका लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून पाहणारा, इसीजी आला. दुसऱ्या हाताचे बोट बटणावर ३० सेकंद टेकवले की विद्युत मंडल पुरे होते, आणि नाडी व हृदय या दोन्ही वाटा एकाच मनगटावर भेटतात. हिवाळ्यात बोटे कोरडी, भेगाळलेली असतील तर ती किंचित ओली करून घ्यावीत.

दवाखान्यातल्या मॉनिटरसाठी अमेरिकेच्या ईसी१३ मानकाने १० टक्के किंवा ५ ठोके, यांपैकी जे जास्त असेल तेवढी चूक चालवून घेतली. म्हणजे १५० ला १५ ठोके. घरचे घड्याळ पडताळायचे तर पाच मिनिटे शांत बसावे, पट्टा मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटे वर घट्ट बांधावा, पण रक्त अडेल इतका नाही. मग आशाताईंनी किंवा नर्सने स्टेथोस्कोपने पूर्ण ६० सेकंद ठोके मोजावेत, असे तीनदा. लय नियमित असून फरक ५ च्या वर गेला तर पट्टा किंवा हात बदलून पुन्हा बघावे. लय अनियमित असेल तर घड्याळ बाजूला ठेवून त्याच दिवशी १२ लीडचा इसीजी काढावा.