सलाईनची रिकामी बाटली कुठल्या डब्यात जाते?

सोलापूरला सिव्हिल असो की एखादं खाजगी हॉस्पिटल, पेशंट अक्कलकोट-मंगळवेढ्यापासून पार इंडी-विजापूरकडून येतात आणि पेशंटबरोबर चार नातेवाईक, त्यांचा भाकरी-चटणीचा डबा, शहाळी, केळीची सालं, पाण्याच्या बाटल्या, औषधांची खोकी हे पण सगळं येतंच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हॉस्पिटलच्या कचऱ्यातला साधारण ८५ टक्के कचरा असा साधाच असतो, घरच्यासारखा, तो घंटागाडीत जाऊ शकतो. धोक्याचा फक्त १५ टक्के. पण त्या साध्या ढिगात रक्ताचा एक बोळा पडला की संपलं, अख्खी पिशवी धोक्याची, म्हणजे पिवळ्या रंगाची धरायची आणि जाळायला पाठवायची.

हॉस्पिटलच्या कचऱ्यासाठीच्या २०१६ च्या सरकारी नियमांत कुठला कचरा कुठल्या रंगाच्या पिशवीत-डब्यात टाकायचा ते ठरवून दिलंय. पिवळ्यात ड्रेसिंग, कापलेले अवयव, एक्सपायरी झालेली औषधं. निळ्यात काचेच्या बाटल्या, अँप्युल म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या काचेच्या कुप्या. पांढऱ्या डब्यात सुया, ब्लेड, आणि हा डबा टणक पाहिजे, सुई आरपार जाता कामा नये, कारण हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तरी जिवंत राहतो आणि पिशवीतून बाहेर आलेली सुई डॉक्टरला नाही, वॉर्डातल्या मावशींना टोचते.

खरी गंमत लाल पिशवीत आहे. सलाईनची बाटली, नळ्या, युरिन बॅग, सुई काढलेली सिरिंज, ग्लोव्हज, म्हणजे रिसायकल होणारं प्लास्टिक सगळं इथं. हे जाळायचं नाही, कारण नळ्या आणि युरिन बॅगा बऱ्याचदा पीव्हीसी प्लास्टिकच्या असतात, त्यात क्लोरीन असतं, आणि नीट तापमान न ठेवता ते जाळलं तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं हवेत जातात. म्हणून ते ऑटोक्लेव्हमध्ये टाकतात, आपल्या कुकरचाच मोठा भाऊ समजा, १२१ अंशाची दाबाखालची वाफ, ६० मिनिटं. मग श्रेडरमध्ये तुकडे. तुकडे कशाला, तर अख्खी सिरिंज बाहेर गेली की धुवून परत विकायचा मोह कुणालातरी होतोच. तुकडे झाल्यावर ते रिसायकलवाल्याकडे, नाहीतर रस्त्याच्या डांबरात. डंपिंग ग्राउंडवर टाकायचं नाही असं नियमातच लिहिलंय.

आता ही सगळी मशिनरी असली तरी निर्णय होतो पलंगाशेजारी, दोन सेकंदात, सलाईन काढणाऱ्या सिस्टरच्या हातात. एकदा मिसळलेला कचरा नंतर कुणी हाताने निवडायचा नसतो. त्यामुळे डबे पलंगाजवळ पाहिजेत, जिन्याखाली नको, आणि माझं तर म्हणणं आहे की पोस्टर इथं मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूत पण लावा, नातेवाईकांना वाचता तर येऊ दे. शिवाय कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही हा नियम आपल्या एप्रिल-मेच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत तर जास्तच पाळायला हवा, इथं वास सुटायला एक दुपार पुरते.

आणि मुळात कचरा कमी करायचा तर ऑपरेशनच्या चादरी बघा. एकदा वापरून फेकायच्या ड्रेपऐवजी घट्ट विणीच्या, परत परत धुवून ऑटोक्लेव्ह करता येणाऱ्या कापडी चादरी चालतात, फक्त जास्त रक्त-पाणी होणाऱ्या ऑपरेशनला साधं सुती कापड भिजतं आणि भिजलेल्या कापडातून जंतू आत शिरतात, तिथं वॉटरप्रूफच लागतं. बाकी ठिकाणी चादरी-टॉवेल विणणाऱ्या गावाने फेकायचे ड्रेप बाहेरून कशाला मागवायचे?