अमेरिकेत ट्रक चालवताना ईएलडी: सूट कोणाला, केबिनमध्ये कोणते कागद हवेत आणि तक्रार कशी करायची

अमेरिकेत मालवाहू ट्रकच्या ड्रायव्हरला सलग १० तास विश्रांती घेतल्यावर १४ तासांची मुदत मिळते. त्यात जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. ८ तास चालवून झाले की निदान ३० मिनिटं थांबावंच लागतं. आठवड्याची मर्यादा ७ दिवसांत ६० किंवा ८ दिवसांत ७० तास कामाची. हे सगळं पूर्वी कागदी लॉगबुकात लिहायचे. १८ डिसेंबर २०१७ पासून इंजिनाला जोडलेलं यंत्र, म्हणजे ईएलडी, त्याची आपोआप नोंद घेतं.

ड्रायव्हरांचा खरा राग आहे तो १४ तासांच्या घड्याळावर. गोदामाच्या डॉकवर माल उतरायला चार तास लागले तरी ते थांबत नाही, आणि उरलेल्या वेळात गाडी पळवायची, वर पार्किंगही शोधायचं. ही तक्रार रास्तच आहे. यावर नियमात एक वाट आहे: किमान ७ तास स्लीपरमध्ये (केबिनमधल्या झोपायच्या जागेत) आणि किमान २ तासांची दुसरी विश्रांती, दोन्ही मिळून १० तास, अशी विभागणी केली तर दोन्ही तुकडे त्या १४ तासांत धरले जात नाहीत. म्हणून डॉकवर तुमच्यावर खरोखर कोणतंही काम नसेल, तर तो वेळ ‘ऑफ ड्यूटी’ दाखवा.

ईएलडीतून सूट कोणाला? कामाच्या ठिकाणापासून १५० हवाई मैलांच्या (सरळ रेषेतल्या अंतराच्या) आत चालवून १४ तासांत परत येणारे आणि हजेरीची वेळ लिहून ठेवणारे; ३० दिवसांत ८ दिवसांपेक्षा जास्त लॉग भरावा लागत नाही असे; आणि २००० सालाआधीच्या इंजिनाची गाडी चालवणारे. ही सूट यंत्रापुरतीच आहे, तासांची मर्यादा सगळ्यांना लागू.

केबिनमध्ये चार गोष्टी हव्यात: यंत्राची माहितीपुस्तिका, तपासनिसाला नोंदी कशा पाठवायच्या याची सूचनापत्रिका, बिघाड झाल्यास काय करायचं याची पत्रिका आणि निदान ८ दिवस पुरतील इतके कोरे लॉगचे कागद. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. यंत्र बंद पडलं तर २४ तासांत मालकाला लेखी कळवायचं, चालू दिवसाचा आणि मागच्या ७ दिवसांचा लॉग हाताशी नसेल तर तो कागदावर उतरवायचा. मालकाने ८ दिवसांत दुरुस्ती करायची असते. बिल्टी, खर्चाच्या पावत्या असे आधाराचे कागद १३ दिवसांच्या आत कंपनीकडे द्या.

पुण्यातून रात्रपाळीत अमेरिकी ट्रकांचं डिस्पॅच (ड्रायव्हरांना फेऱ्या नेमून देण्याचं काम) बघणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं: कंपनी लॉगमध्ये बदल सुचवू शकते, मंजुरी मात्र ड्रायव्हरनेच द्यायची. मूळ नोंद पुसली जात नाही, आणि आपोआप नोंदलेला गाडी चालवण्याचा वेळ कमी करता येत नाही. ड्रायव्हरांनो, पटत नसेल तर बदल नाकारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्क्रीनवर तास शिल्लक दिसतात म्हणून झोपलेल्या ड्रायव्हरला ‘निघा’ असा मेसेज येतो. थकलेल्या किंवा आजारी माणसाला गाडी चालवायला लावणं बेकायदा आहे, आणि ईएलडीची माहिती वापरून ते केलं तर कायद्याने तो छळ ठरतो. मात्र तुम्ही थकलेले आहात हे कंपनीला माहीत होतं, किंवा कळायला हवं होतं, हे दिसलं पाहिजे. म्हणून फोनवर वाद घालू नका. ‘झोप झालेली नाही, आत्ता चालवणं धोक्याचं आहे’ असं त्याच मेसेजला लेखी उत्तर द्या.

तक्रार घटनेपासून ९० दिवसांत लेखी करायची, फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या ऑनलाइन तक्रार नोंदणीवर किंवा तुम्ही नोकरी करता त्या राज्यातल्या त्यांच्या कार्यालयात. त्यात तुमचं नाव, पत्ता, फोन, कंपनीचं नाव व पत्ता, घटनेची तारीख, यंत्राचा वापर दबावासाठी कसा झाला, त्यातून कोणता नियम मोडला गेला आणि तुमची सही एवढं हवं. मेसेजचे स्क्रीनशॉट आणि त्या दिवसांचा लॉग सोबत जोडा. कंपनीला नोंदी ६ महिनेच जपाव्या लागतात आणि तोवर आपला लॉग बघण्याचा हक्क तुम्हाला आहे, तेव्हा प्रत लगेच काढून घ्या.